बसभर बायका आणि आमचा कोच

चहा अर्धा पिऊन कप खाली ठेवा. ज्यांनी भरल्या कपानं ही गोष्ट ऐकली त्यांनी माझी चटई खराब करून ठेवलीय.

माझी अब्रू कशी गेली ते मीच सांगतो. येसू काकीकडून ऐकाल तर ती पदरचं घालेल. आणि खरं सांगू? पदरचं घालायची गरजच नाही. मी एकट्यानंच एवढा घोळ घातला की दुसऱ्याला घालायला जागा उरली नाही!

आमचा गाव उरणच्या अंगाला, खाडीच्या कडेला. पोरं सगळी पोर्टात, कंपन्यांत, नव्या मुंबईत. मागं राहिली म्हातारी माणसं. काहींना तर अंथरुणातून उठता येत नाही. त्यांना रोज दुपारचा डबा पोचवायचा म्हणून आम्ही मंडळ काढलं. कागदावर त्याचं नाव हातभर लांब आहे, पण गावात सगळे ‘डब्याचं मंडळ’ म्हणतात. मी त्याचा अध्यक्ष. पहिल्या दिवसापासून मीच. दुसरा कोणी उभाच राहिला नाही. राहिला असता तर खाली बसवला असता!

माझं शिक्षण चौथी, तीही धड नाही. पण जन्मभर कंपनीची बस चालवली. पावसात, धुक्यात, कामगारांनी खचाखच भरलेली बस घाट उतरवलीय. मग मला कोण काय शिकवणार?

आता मंडळ म्हणजे काय, तर मंडळ म्हणजे सुनंदा. आमची सचिव. चूल पेटवायला सगळ्यांच्या आधी ती, भांडी घासायला शेवटी ती. एखादी बाई आली नाही तर तिच्या वाटचे डबे घेऊन घरोघर फिरायला परत तीच.

आणि मी काय करायचो? मी ओरडायचो. हसताय काय? कोणीतरी ओरडायला लागतंच ना! हॉर्नाशिवाय गाडी चालते का?

तर झालं काय, बाया गळायला लागल्या. एकीची सासू आजारी, एकीचा पाय मुरगळला, एकीनं कारणसुद्धा सांगितलं नाही. नुसती मला बघून वाट बदलायची. आणि गणपती उठल्यावर एका दुपारी सुनंदा पदराला हात पुसत माझ्यासमोर उभी राहिली.

“नाना, दिवाळीपर्यंत करते. नंतर मी नाय.”

“म्हंजे?”

“म्हंजे दुसरी कोण बघा.”

“बघा म्हंजे? सुनंदा काय बाजारात वाट्यावर मिळते काय?”

ती हसली नाही. भांडली असती तर मी निभावलं असतं. भांडणाची मला सवय आहे. पण ती नुसतीच आत जाऊन पातेलं घासायला लागली.

सुनंदा गेली की चूल विझली. गावाच्या टोकाला आमची तुळसा आत्या एकटीच पडून असते. दुपारी सुनंदाच्या चपलांचा आवाज आला की डोळे उघडते. तिला जाऊन मी काय सांगणार? की आत्ये, उद्यापासून आवाज नाही?

माझ्या डोक्यात एकच उपाय होता. सहल! बायांना मी श्रीवर्धनचा समुद्र दाखवायचं कबूल केलं होतं. दरवर्षी करायचो. एकदा पाऊस आडवा आला, एकदा लग्नसराई, एकदा माझा गुडघा. समुद्र जागेवरच होता, आम्हीच गेलो नाही.

त्याच सुमाराला पंचायतीतल्या मॅडमनी मला एक फोन नंबर दिला. म्हणाल्या, “नाना, मुंबईची एक संस्था आहे. तुमच्यासारख्या छोट्या संस्था चालवणाऱ्यांना आधार देते, मार्गदर्शन करते.”

मी म्हटलं, मार्गदर्शन? मला? मी रिव्हर्समध्ये घाट काढलाय! पण सुनंदाचं तोंड आठवलं आणि लावला फोन.

पलीकडं एक गोड आवाजाची पोरगी. “काका, तुमची मुख्य अडचण काय आहे?”

“बाया टिकत नाय.”

“का टिकत नसतील? तुम्हाला काय वाटतं?”

“दमल्यात. कुठं जानं नाय, येनं नाय.”

“बरोबर आहे काका. मग आम्ही तुम्हाला कोच देतो.”

मी फोन या कानावरून त्या कानावर घेतला. “कोच?”

“हो. बऱ्याच संस्थांना देतो. त्यानं टीम एकत्र येते, मोकळी होते, आणि मग माणसं टिकतात.”

आता तुम्हीच सांगा. ज्यानं सगळा जन्म मोटार लायनीत काढला त्याला ‘कोच’ म्हटल्यावर काय दिसेल? मला दिसला लांबच्या लांब, पांढराशुभ्र, काळ्या काचांचा, मागं शिडी असलेला लक्झरी कोच! मी मनात म्हटलं, बघा, मुंबईत बसलेल्या पोरीलासुद्धा कळलं की बायांना सहल पाहिजे.

पण मी कच्चा गडी नाही. गाडी घ्यायची तर चार गोष्टी विचारून घ्यायच्या.

“डिझेल कोनाचं?”

“प्रवासाचं सगळं आमच्याकडे, काका.”

“कंडिशन काय हाय?”

“काही कंडिशन नाही हो. फक्त सुरुवातीला थोडा वेळ द्यावा लागतो. एकदा सुरू झालं की मग अडत नाही.”

मी मान हलवली. डिझेल इंजिन! गरम व्हायला वेळ घेतंच.

“नवा हाय का जुना?”

“अनुभवी आहेत काका. गावागावांतून खूप फिरलेत.”

“पासिंग कुठलं?”

“पासिंग? हां… पुण्यातून पास झालेत.”

म्हणजे एमएच बारा. चांगली निगा ठेवतात ते लोक.

“आनि किती बसतील?”

“तीन-चार तास आरामात बसतील!”

आता मला सांगा, आमच्या गावातून श्रीवर्धनला जायला किती वेळ लागतो? तेवढाच! पोरीनं सगळा हिशेब करून ठेवला होता. शेवटी म्हणाली, “मग ठरलं काका, रविवारी सकाळी कोच तुमच्याकडे येतील.”

येतील! ऐकलंत? येईल नाही, ये-ती-ल! एकच गाडी असती तर ‘येईल’ म्हणाली असती की नाही? चौथी नापास असलो म्हणून काय झालं, एकवचन आणि अनेकवचन मला कळतं!

मी सरळ चुलीपाशी गेलो. “सुनंदा, रविवारी श्रीवर्धन! लक्झरी कोच! एक नाय, दोन तरी येतील!”

तिच्या हातातला डाव वरणातच राहिला. “नाना, खरंच?”

“मग काय खोटं बोलतो?”

“दरवर्षी बोलता.”

“औंदा मुंबईवरून येतोय.”

तिनं डाव काढून झाकणावर ठेवला. मग हळूच म्हणाली, “मला खिडकी द्या, नाना. दुसरं काय नको.”

झालं! माझ्या अंगात वारं भरलं. दोन गाड्या म्हटल्यावर सीटा भरायला नकोत? मी मंडळ सोडलेल्या बायांना सांगितलं. खालच्या आळीला सांगितलं. ज्या मला बघून वाट बदलायच्या त्यांना मी उलट्या वाटेनं जाऊन गाठलं. येसू काकी तर वर्षभर माझ्याशी बोलत नव्हती. तिला म्हटलं, काकी, एसी हाय. लगेच बोलायला लागली.

पारापाशी नामदेवाच्या फणसाची फांदी रस्त्यावर आली होती. कोचचा टप घासेल म्हणून मी ती तोडली. नामदेव धावत बाहेर आला.

“नाना! तुजा कोच काय हत्तीवर बसून येतो काय रं?”

“तुला नाय कळायचं. लक्झरी उंच असते.”

मग झेंडूचा हार केला. साधा नाही, पुढच्या काचेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पुरेल असा. चाकाखाली ठेवायला लिंबं आणली. पुढ्यात फोडायला नारळ आणला, तो येसू काकीकडं दिला. नवी गाडी गावात येणार, रीत नको?

रविवार उजाडला. त्या दिवसाचे डबे बायांनी भल्या पहाटे करून पोचवले. आत्याला भरवायला शेजारणीला सांगितलं आणि सगळ्या पारावर हजर. काय सांगू, लग्नाला एवढ्या नटल्या नसतील! कोणी लुगड्यात, कोणी पोरीचा ड्रेस घालून लाजत उभी. मोगऱ्याचे गजरे, पावडरचा वास. भाकऱ्यांची गाठोडी, जवळ्याची चटणी, उकडलेली अंडी. सुनंदानं केसांत अबोली माळली होती. मी तिला मंडळाच्या कामात कधी असं बघितलंच नव्हतं.

मी रस्त्याच्या मधोमध, गळ्यात शिट्टी.

एवढ्यात एक सहा सीटर रिक्षा येऊन थांबली. आतून एक बारकीशी बाई उतरली. सुती कुर्ता, खांद्याला कापडी पिशवी. नेमकी उभी राहिली कुठं, तर मी कोचसाठी चुन्यानं आखलेल्या जागेत!

मी शिट्टी मारली. “ओ बाई! सरका तिकडं. इथं गाडी लागनार हाय.”

ती बिचारी सरकली.

“अजून थोडं.”

ती अजून सरकली. सरकता सरकता नामदेवाच्या तोडलेल्या फांदीत जाऊन उभी राहिली. तिथून पानं बाजूला करत म्हणाली, “तुम्ही नाना का?”

“व्हय. पन आता टाइम नाय. कोच यायचाय.”

“आलाय की. मीच.”

“मीच म्हंजे?”

“मीच तुमची कोच. मेघना.”

मी तिच्या मागं बघितलं. वळणावर बघितलं. रस्त्यावर एक कुत्रा सोडून काही नव्हतं.

“गाडी लांब लावलीत काय?”

“नाही हो, रिक्षानं आले ना मी.”

“कोच रिक्षानं आला?”

येसू काकी नारळ घेऊन पुढं आली. तिनं त्या बाईला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं आणि माझ्याकडं वळली.

“नाना, ही कोच? आन आमी सगल्यांनी बसाचा कुठं रं, हिच्या पिशवीत?”

“थांब काकी,” मी म्हटलं. मला अजून आशा होती बघा! “बाई, दुसरा कुठाय?”

“दुसरा कोण?”

“येतील बोलल्या होत्या फोनवर! येतील!”

तिच्या डोक्यात जरा वेळानं उजेड पडला. “अहो नाना, ते आदरानं म्हणाल्या असतील.”

आदरानं! आमच्याकडं आदर दाखवायचा तर चहा विचारतात, गाड्यांची संख्या वाढवत नाहीत!

मग तिनं समजावून सांगितलं. कबड्डीच्या संघाला कोच असतो ना, तसा संस्थेच्या पुढाऱ्याला पण असतो. त्याच्यासोबत बसायचं, अडचण ऐकायची, त्याला विचार करायला लावायचं. तीन-चार तास आरामात बसतील ते हेच!

येसू काकीनं नारळ उचलला. “नाना, ह्यो नारल कुठं फोडू ते सांग. हिच्या पायाशी का तुज्या टकल्यावर?”

काही हसल्या, काही चिडल्या. मंडळ सोडलेल्या बाया गाठोडी उचलून निघाल्या. आणि सुनंदानं केसांतली अबोली काढली, पिशवीत ठेवली आणि म्हणाली, “चला. भांडी घासायची राहिलीत.”

शिवी दिली असती तर बरं झालं असतं हो! मला तर फणसाची ती फांदी परत झाडाला चिकटवून तिच्यामागं लपावंसं वाटलं. दिवाळीपर्यंत राहणारी बाई आता त्या दिवशीच जाणार, हे मला दिसत होतं.

तेवढ्यात ती मेघना मॅडम म्हणाली, “ताई, भांडी जरा राहू द्या ना. मी पहाटे निघालेय. पोटात काही नाही.”

संपलं! गावात कोणी भूक लागली म्हटलं की आमच्या बाया रागावलेल्यासुद्धा वाढतात. निघालेल्या बायाही मागं फिरल्या, पारावरच चटया पडल्या. गाठोडी सुटली. माझा तो हार मात्र हातात तसाच. आता करायचं काय त्याचं? घातला मॅडमच्या गळ्यात. तिला तीन वेढे बसले आणि वर फक्त चष्मा राहिला. ती तशीच बसून भाकरी खायला लागली, तेव्हा पहिल्यांदा सुनंदा फिसकन हसली.

खाता खाता मॅडमनी तिला विचारलं, “आज गेला असतात, तर तिथं पोचून काय केलं असतंत?”

“काय नाय. वालूत बसली असती,” सुनंदा म्हणाली. “दिवसभर कोणी ‘सुनंदा’ म्हणून हाक नसती मारली. बास.”

मी म्हटलं, “आता मी सांगतो, खरी गोष्ट काय हाय—”

“नाना,” मॅडम हारातून म्हणाली, “तुमची पाळी शेवटी.”

एवढ्या वर्षांत मला सिग्नल दाखवणारी ही पहिलीच! मी गप्प बसलो. का बसलो ते अजून कळलं नाही मला.

मग बाया सुटल्या. कामाला कोणी कंटाळली नव्हती म्हणे. मला कंटाळल्या होत्या! जरा उशीर झाला की नाना चारचौघांत ओरडतात. सुट्टी मागितली की नाना तोंड फिरवतात. आणि वर स्वतः कधी एक डबा उचलत नाहीत. येसू काकी म्हणाली, “मॅडम, ह्याला विचार, तुलसा आत्याला भात मऊ लागतो का मोकला?”

“मोकळा!” मी ठणकावून सांगितलं.

पार हादरला असा हशा. “अरं, दात हायत काय तिला?”

आणि ती मार्गदर्शन करायला आलेली बाई! एक रस्ता दाखवील तर शपथ! नुसतं विचारायची, “मग आता काय करता येईल?” अगं, ते मला ठाऊक असतं तर तुला कशाला बोलावलं असतं? पण बाया बोलायला लागल्या. खालच्या आळीनं आठवड्यातले दोन दिवस घेतले. सोडून गेलेल्यांनी आपसांत वार वाटून घेतले. येसू काकी म्हणाली, रविवारी सुनंदानं चुलीकडं फिरकायचं नाही, फिरकली तर तंगडी मोडेन.

“आणि अध्यक्ष?” मॅडमनी विचारलं.

सगळ्या बाया एकदम फणसाकडं बघायला लागल्या. जसे काय त्याला तेव्हाच फणस लागले!

“झाड काय बघता? बोला ना!” मी ओरडलो.

“हे बघा, परत ओरडले,” सुनंदा म्हणाली. पण हसून म्हणाली.

स्टिअरिंग सोड म्हणून मला कोणाला सांगावं लागलं नाही. म्हणजे, सांगितलं. पण हळू आवाजात सांगितलं. सुनंदा अध्यक्ष झाली आणि दिवाळीनंतरचा विषय तिनं परत काढला नाही. नारळ अखेर मॅडमच्या पुढ्यात फुटला. पाणी तिच्या चपलेवर उडालं, चालायचंच.

पुढं ती दर महिन्याला यायची. मुंबईच्या पोरीनं फोन करून विचारलं, “काका, कोच कसे वाटले?” मी म्हटलं, “गाडी बारकी हाय, पन चढाला ओढते. तेवढा माझा हॉर्न काढून ठेवला तिनं.”

आता सहलीचं राहिलं. दिवाळी झाल्यावर माझ्या जुन्या जोडीदाराला गळ घातली आणि खराखुरा कोच आणला. पांढराशुभ्र, काळ्या काचा, मागं शिडी. फणसाखालून अगदी ऐटीत आला. फांदी तोडली ते बरंच केलं की नाही? नामदेवाला सांगा.

बाया चढल्या. मेघना मॅडम पुढं केबिनमध्ये. सुनंदा खिडकीत, केसांत अबोली. मी नवं धोतर, गॉगल, टोपी, सगळं करून पायरीवर पाय ठेवला.

“नाना,” सुनंदा खिडकीतून म्हणाली, “सीट नाय.”

“नाय म्हंजे? मी उभा राहीन!”

“तसं नाय. आज आमी सगल्या चाललो. मग डबे कोण पोचवणार?”

मी आत बघितलं. येसू काकी दोन सीटांवर ऐसपैस बसली होती. मला बघून तिनं डोळे मिटले. खालून कोणीतरी माझ्या हातात डबे दिले.

“आत्याचा भात मऊ हाय,” सुनंदा म्हणाली. “वरण आधी कालवा. घाई करू नका. आनि हाक मारत आत जा, नायतर दचकते ती.”

आणि सुटला कोच! कोपऱ्यावर ड्रायव्हरनं हॉर्न मारला, मलाच चिडवायला. मी रस्त्यात उभा. डोळ्याला गॉगल, दोन्ही हातांत डबे.

सगळी घरं केली. काही घरं तर मला विचारत विचारत शोधावी लागली, कोणाला सांगू नका. शेवटी तुळसा आत्याकडं गेलो. हाक मारली, वरण कालवलं, पहिला घास दिला. आत्यानं तो हळूहळू गिळला आणि मला न्याहाळून बघितलं. गावात मला नाना न म्हणता नावानं हाक मारणारी ती एकटीच उरलीय.

“पांडू काय रं तू? आज तू कसा?”

“बाया सहलीला गेल्या, आत्ये. कोचनं.”

“आनि तू रं?”

आता काय बोलू? म्हटलं, “मी इथंच. मी स्टेपनी.”

“स्टेपनी म्हंजे काय?”

“गाडीचं जादाचं चाक असतं गं. हवा भरून नुसतं मागं टांगून ठेवतात.”

आत्यानं तोंड उघडलं. मला वाटलं, दुसरा घास मागते.

“व्हय,” म्हणाली, “हवा तर तुज्यात पयल्यापासनंच हाय.”